मानेतल्या गाठीचा सुगावा

भाईंदरच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमधून बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो तेव्हा घरच्यांचं लक्ष शेवटच्या दोन ओळींवर असतं. ‘स्क्वॅमस सेल’ म्हणजे काय ते कळो न कळो, ‘कार्सिनोमा’ कळतं आणि पुढचं काही डोक्यात शिरत नाही. पण त्या कागदाबरोबर लॅबमधून आणखी एक वस्तू मागून घ्यावी लागते. परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवायचं तर तिथे विचारतात, ‘स्लाइड आणि ब्लॉक आणलाय का?’ ब्लॉक म्हणजे मेणाचा ठोकळा. प्लास्टिकच्या छोट्या चौकटीवर बसवलेला, तिरप्या कडेवर नंबर घातलेला, दोन बोटांत धरता येईल एवढा. पांढऱ्या मेणात मधोमध एक करडा ठिपका दिसतो. तो जिभेचा, नाहीतर गालाच्या अस्तराचा तुकडा, जेमतेम काही मिलिमीटरचा. ठोकळा झिपच्या पिशवीत, पिशवी फाइलीत आणि फाइल छातीशी धरून माणसं सकाळची लोकल पकडतात, दादरला किंवा प्रभादेवीला उतरतात आणि डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग विचारत निघतात.

परळला त्या ठोकळ्याचे पुन्हा काप निघतात. एकेक काप मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या हिश्श्याएवढा पातळ, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेला. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा आकार बघतो, त्यांची मांडणी किती विस्कटली आहे ते बघतो आणि आजाराचं नाव पक्कं करतो. सर्जनला मात्र नावापेक्षा वेगळंच काही हवं असतं. या पेशींपैकी काही जिभेतून निसटून मानेत जाऊन बसल्या आहेत का, हे त्याला ऑपरेशनच्या आधी कळायला हवं असतं. रंगवलेला काप याचं खात्रीचं उत्तर देत नाही. त्याच मेणात मात्र दुसऱ्याही खुणा शिल्लक असतात, आणि त्या वाचण्याची खटपट गेली काही वर्षं खारघरमध्ये चालू आहे. या खुणा आहेत प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएच्या, म्हणजे ज्यांना शास्त्रज्ञ नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात त्यांच्या.

आधी मानेचं काय ते पाहू, कारण सगळा पेच तिथेच आहे.

जिभेवरची गाठ लहान असताना कापून काढता येते. जीभ थोडी आखूड होते, बोलणं काही दिवस बोबडं होतं, पण माणूस कामाला लागतो. घात होतो तो मानेत. जिभेतून निघणारा लसिकेचा प्रवाह जबड्याखालच्या आणि मानेच्या बाजूच्या ग्रंथींमधून गाळून पुढे जातो. निसटलेल्या कॅन्सरपेशी आधी तिथे अडकतात आणि तिथेच वाढायला लागतात. डॉक्टर मान चाचपतात, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात. गाठ हाताला लागली तर चर्चेला जागाच नाही, मानेतल्या ग्रंथी काढायच्या. पण हाताला काही लागत नाही, स्कॅनमध्येही काही दिसत नाही, असे रुग्णच पुष्कळ असतात. त्यांच्यातल्या साधारण ३० टक्क्यांच्या ग्रंथींत तरीही पेशी दडलेल्या सापडतात. उरलेल्या ७० टक्क्यांची मान स्वच्छ असते. कोण कुठल्या गटात, हे बाहेरून ओळखता येत नाही.

यावर सर्जन मंडळींत दोन तट होते. एक म्हणे, जिभेच्या ऑपरेशनबरोबरच मानेच्या ग्रंथी काढून टाका, विषाची परीक्षा कशाला. दुसरा म्हणे, सत्तर जणांची मान विनाकारण का उघडायची, लक्ष ठेवू, गाठ आली तर तेव्हा काढू. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं होती आणि दोघांकडेही निर्णायक आकडे नव्हते. जगभर रेंगाळलेला हा वाद सुटला तो परळला. टाटा हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाची मान लगेच, दुसऱ्याची गाठ आली तरच. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ५०० रुग्णांचा निकाल छापून आला. लगेच ऑपरेशन झालेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, थांबलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के. हिशेब असा निघाला की आठ जणांची मान आधीच साफ केली तर एक जीव वाचतो. त्याच वर्षी शिकागोच्या कर्करोगतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत हे काम मुख्य सत्रात मांडलं गेलं. परळच्या एकाच हॉस्पिटलातल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने जगभरच्या सर्जनांची रीत ठरावी, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

निकाल लागला, तरी सत्तर टक्क्यांचा प्रश्न तसाच राहिला. वाचतात ते गाठ दडलेले रुग्ण. बाकीच्यांची मान उघडते ती केवळ आपण त्यांना वेगळं ओळखू शकत नाही म्हणून. आणि हे ऑपरेशन फुकटात होत नाही. खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस नेमकी या ग्रंथींच्या मधून जाते. सर्जन ती जपतो, पण जपतानाही ती ताणली जाते. मग खांदा उतरतो, दुखतो, हात डोक्याच्या वर जायला कुरकुरतो. ऑफिसात बसणाऱ्याला व्यायामाने ते निभावता येतं. विरारहून भरून आलेल्या गाडीत वरची कडी धरून रोज दादर गाठणाऱ्याला ते जड जातं, आणि उत्तनच्या बंदरावरून डोक्यावर मासळीची पाटी उचलणाऱ्या बाईचं तर पोटच त्या खांद्यावर असतं. म्हणून सर्जनांना अशी खूण हवी आहे जी बायोप्सीच्या तुकड्यातूनच सांगेल की या माणसाची मान उघडायला हवी आणि याची नको.

आता आरएनएकडे वळू. शाळेत आपण शिकलो ते असं: डीएनएमध्ये कृती लिहिलेली, तिची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए, आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिन बनवते. हे खरं आहे, पण फार थोड्या भागाबद्दल खरं आहे. माणसाच्या डीएनएत तीन अब्जांच्या आसपास अक्षरं आहेत. प्रथिनांची कृती सांगणारी जनुकं सुमारे वीस हजार, आणि ती सगळी मिळून दोन टक्केही जागा व्यापत नाहीत. उरलेल्याचं काय? १९७२ मध्ये सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने त्यातल्या बऱ्याच भागाला ‘जंक’ म्हटलं आणि तो शब्द चिकटला. पुढे दिसलं की या ‘भंगारा’तल्याही पुष्कळ भागाच्या आरएनए नकला निघतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. काही नकला नुसत्याच निघतात आणि विरून जातात, त्यांचा काही उपयोग असेल असं मानायचं कारण नाही. काहींचं काम मात्र फार महत्त्वाचं निघालं.

पहिला धागा सापडला तो एका किड्यात. मातीत राहणारा, मिलिमीटरभर लांबीचा, पारदर्शक गोलकृमी. अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे त्याची वाढ का बिघडते ते शोधत होते. १९९३ मध्ये त्यांना कळलं की लिन-४ नावाचं जनुक प्रथिन बनवतच नाही. त्यातून निघतो केवळ बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तो दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशाला जाऊन चिकटतो आणि त्या संदेशातून प्रथिन बनणं दाबून टाकतो. सात वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही, किड्याची गंमत म्हणून बाजूला ठेवलं. २००० मध्ये लेट-७ सापडला. तो किड्यात आहे, माशीत आहे आणि माणसातही जसाच्या तसा आहे असं दिसल्यावर सगळे जागे झाले. या तुकड्यांना मायक्रोआरएनए नाव पडलं. माणसात ते हजाराहून अधिक मोजले गेले आहेत. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मायक्रोआरएनए तयार होतो तो आधी लांब धाग्याच्या रूपात. धागा स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा वळतो, मग ड्रोशा आणि डायसर नावाची दोन विकरं त्याला दोन ठिकाणी छाटतात. उरलेला बावीसेक अक्षरांचा तुकडा अर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या खाचेत बसतो. तिथून तो संदेशवाहक आरएनए तपासत फिरतो. जुळणी मुख्यतः सुरुवातीच्या सहा-सात अक्षरांवर ठरते. जुळलं की तो संदेश मोडला जातो, नाहीतर त्यातून प्रथिन बनणं मंदावतं. संदेश साफ पुसला जातो असं क्वचितच होतं. शेगडीच्या बटणाचं काम असतं तसं हे काम. बटण भांड्यात पडत नाही, पण भाजी शिजणार की करपणार ते त्याच्या हातात असतं. एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांची आच कमीजास्त करू शकतो. कॅन्सरमध्ये यातली काही बटणं एका टोकाला फिरून अडकलेली सापडतात.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त चर्चा झालेला मायक्रोआरएनए म्हणजे मिर-२१. तो बहुतेक ट्यूमरमध्ये वाढलेला असतो आणि पीटेनसारख्या, पेशीला आवरून धरणाऱ्या जनुकांचे संदेश दाबतो. आवर सुटला की पेशी वाढत जाते. मिर-३१ हाही तोंडाच्या ट्यूमरमध्ये वाढलेला सापडतो. पण मिर-२१ फुप्फुस, स्तन, आतडं अशा कित्येक कॅन्सरमध्ये वाढतो. त्यामुळे काहीतरी बिघडलं आहे एवढं तो सांगेल, कुठे आणि पुढे काय होणार हे सांगणार नाही. सर्जनला हवी ती खूण याहून नेमकी असायला हवी.

ती शोधायचं काम टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरमधल्या संशोधन केंद्रात झालं. अ‍ॅक्ट्रेक या नावाने ते ओळखलं जातं. भाईंदरहून तिकडे जायचं तर दादर, कुर्ला करत पनवेल लोकल धरावी लागते. डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने परळच्या सर्जनांबरोबर जिभेच्या कॅन्सरवर सलग बरीच वर्षं काम केलं. २०१७ मध्ये त्यांनी तंबाखू-सुपारी खाणाऱ्या, जिभेचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या रुग्णांच्या ट्यूमरचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यात तंबाखूने डीएनएत सोडलेल्या ठरावीक बदलांचा ठसा निम्म्याहून अधिक रुग्णांत होता. आणि एक विकर वारंवार वाढलेलं दिसलं, एमएमपी-१०. पेशींच्या आजूबाजूचं चिवट जाळं विरघळवण्याचं काम ही एमएमपी जातीची विकरं करतात. जखम भरताना त्यांची गरज असते. कॅन्सरपेशीच्या हाती ती लागली की बाहेर पडायला वाट मोकळी होते.

२०२३ मध्ये ‘कम्युनिकेशन्स बायॉलॉजी’ या नियतकालिकात भास्कर धारावत, अमित दत्त आणि सहकाऱ्यांचा पुढचा शोधनिबंध आला. जिभेचे २०८ ट्यूमर तपासले होते. ज्यांच्या मानेच्या ग्रंथींत कॅन्सर पोचला होता अशा ट्यूमरांपैकी ८६ टक्क्यांत एमएमपी-१० वाढलेलं होतं. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि मला या निबंधात तोच सर्वांत आवडला: हे विकर वाढलं, ते कुणी मोकळं सोडलं म्हणून? ग्रंथींत पोचलेल्या ट्यूमरमधले प्रथिन न बनवणारे आरएनए सरसकट मोजले तेव्हा अकरा मायक्रोआरएनएंची पातळी ठळक बदललेली निघाली. त्यातला एक, मिर-९४४, हा एमएमपी-१० च्या संदेशाच्या शेपटीला जाऊन चिकटतो आणि त्याला दाबून धरतो. तो असला की विकर आवाक्यात, तो कमी पडला की विकर बेलगाम.

मिर-९४४ चा पत्ताही लक्षात ठेवण्यासारखा आहे. टीपी-६३ या जनुकाच्या पोटात, प्रथिन बनताना वगळल्या जाणाऱ्या भागात तो बसलेला आहे. टीपी-६३ हे त्वचा आणि तोंडाच्या आतल्या अस्तरासारखे थर घडवणारं जनुक. म्हणजे अस्तराच्या पेशींना अस्तर बनवणाऱ्या जनुकाच्या आतच त्यांना जागेवर ठेवणारा एक तुकडा लिहिलेला आहे.

नुसता संबंध दाखवून ते थांबले नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिभेच्या कॅन्सरपेशींत मिर-९४४ मुद्दाम वाढवला तेव्हा पेशींची वाढ, हालचाल आणि आसपास घुसण्याची ताकद कमी झाली. एमएमपी-१० काढून घेतल्यावरही तेच घडलं. उंदरांच्या जिभेत अशा पेशी सोडल्या तर एमएमपी-१० नसलेल्या पेशी ग्रंथींपर्यंत पसरल्या नाहीत. उलट ते वाढवलं तर ग्रंथींत आणि दूरवरही गाठी झाल्या, आणि त्यात अ‍ॅक्सल नावाचं आणखी एक जनुक मध्यस्थ असल्याचं दिसलं. अ‍ॅक्सलविना एमएमपी-१० चा जोर चालत नाही. अशी साखळी हाती आली की तिच्यातली एखादी कडी औषधाने तोडता येईल का, असा विचार करता येतो.

आता जरा हिशेबाला बसू, कारण बातम्यांत अशा शोधांचं ‘आता एका चाचणीत कळणार’ होतं. ८६ टक्के हा प्रयोगशाळेत सुंदर आकडा आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये तो वेगळा दिसतो. गाठ दडलेल्या शंभर रुग्णांपैकी चौदा जणांत ही खूण नसेल. ‘खूण नाही, मान उघडू नका’ असं सर्जनने ठरवलं तर ते चौदा जण सुटून जातील, आणि सुटलेल्यांचं काय होतं ते २०१५ च्या निकालात लिहिलेलं आहे. उलट बाजूही तपासावी लागते. ज्यांची मान स्वच्छ आहे त्यांच्यातल्या किती जणांत एमएमपी-१० वाढलेलं असतं? तसे बरेच असतील तर सत्तर जणांची सुटका होणार कशी? म्हणून एकटा मिर-९४४ किंवा एकटं एमएमपी-१० हा निर्णय देणार नाही. तीन-चार खुणांची जुडी करावी लागेल, ती वेगळ्या शहरांतल्या, वेगळ्या सवयींच्या रुग्णांवर तपासावी लागेल, आणि शेवटी २०१५ सारखीच चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी लागेल. माझ्या मते ही खूण उपयोगी पडली तर ती मान वाचवण्याआधी दुसऱ्या कामाला पडेल: लगेच ऑपरेशन परवडत नाही किंवा सोसवत नाही अशा रुग्णाला ‘तुला थांबून चालणार नाही’ हे ठासून सांगायला.

मेणाच्या ठोकळ्याचं महत्त्व इथे येतं. आरएनए हा नाजूक रेणू, हाताच्या घामातली विकरंही त्याचे तुकडे पाडतात. लांब संदेशवाहक आरएनए फॉर्मॅलिन आणि मेणात बऱ्यापैकी तुटतात. मायक्रोआरएनए मुळातच इतका आखूड की त्याला तुटायला फारसं काही उरत नाही. कित्येक वर्षं जुन्या ठोकळ्यातूनही तो मोजता येतो. म्हणजे रुग्णाला पुन्हा सुई नाही, पुन्हा तुकडा नाही. आणि हॉस्पिटलांच्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या ठोकळ्यांवर, ज्या रुग्णांचं पुढे काय झालं हे माहीत आहे अशांवर, नव्या खुणांची परीक्षा घेता येते. घरी आणलेला ब्लॉक ‘झालं काम’ म्हणून फेकू नये तो यासाठीही.

थुंकीतून निदान हा या विषयाचा सर्वांत आकर्षक भाग. लॉस एंजेलिसच्या डेव्हिड वाँग यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की लाळेतही मायक्रोआरएनए टिकून असतात आणि तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या लाळेत मिर-१२५ए आणि मिर-२००ए हे दोन निरोग्यांपेक्षा कमी असतात. पेशी बारीक पुडक्यांत भरून आरएनए बाहेर सोडतात, त्यामुळे ते लाळेतल्या विकरांपासून वाचतात. कल्पना फार छान आहे. पण लाळ सकाळी वेगळी, जेवल्यावर वेगळी, हिरड्या सुजल्या तर वेगळी, तोंडात तंबाखूचा बार असेल तर आणखी वेगळी. एका देशात कमी सापडलेला मायक्रोआरएनए दुसरीकडे तसाच सापडतो असंही नाही.

दोनशे अक्षरांहून लांब असलेल्या, प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएंचं वेगळंच गोत्र आहे. त्यातले मॅलॅट-१ आणि हॉटेअर तोंडाच्या कॅन्सरच्या निबंधांत सारखे भेटतात. काही लांब आरएनए मायक्रोआरएनएंना शोषून घेतात आणि त्यांचं काम बंद पाडतात, असा एक सिद्धान्त आहे. तो काही ठिकाणी खरा ठरला, पण त्याच्यावर निबंधांचं पीक मात्र अमाप आलं. ‘अमुक लांब आरएनए तमुक मायक्रोआरएनएला शोषून कॅन्सर वाढवतो’, नुसती नावं बदलायची. ऑस्ट्रेलियातल्या जेनिफर बर्न या कर्करोग संशोधकाने अशा निबंधांतल्या आरएनए आणि डीएनएच्या अक्षरमाला तपासायला घेतल्या, तेव्हा कित्येकांत छापलेली माला ज्या जनुकाची म्हणून दिली होती त्याची नव्हतीच. पैसे घेऊन निबंध पाडून देणारे कारखाने या क्षेत्रात शिरले आहेत हे आता उघड आहे. म्हणून या विषयावर काही वाचाल तेव्हा खरे रुग्ण किती तपासले आणि दुसऱ्या कुणाला तेच सापडलं का, हे आधी बघा.

औषधाचं तर अजून लांबच आहे. कमी पडलेला मायक्रोआरएनए बाहेरून भरून द्यायचा, हा सरळ विचार. मिर-३४ए ची नक्कल चरबीच्या बारीक थेंबांत भरून वेगवेगळे कॅन्सर असलेल्या रुग्णांना अमेरिकेत दिली गेली. रोगप्रतिकारशक्ती इतकी खवळली की गंभीर परिणाम झाले आणि २०१६ मध्ये ती चाचणी बंद करावी लागली. शेकडो संदेशांवर एकदम परिणाम करणारा रेणू अंगात सोडला की तो कुठे कुठे जाईल ते सांभाळणं कठीण असतं.

या सगळ्या रेणूंना बिघडवतं कोण, ते भाईंदर स्टेशनबाहेरच्या टपरीवर टांगलेलं दिसतं. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली होती, आता ती कितीतरी जास्त आहे. मिठागरं, उत्तन-पालीचे कोळीवाडे, भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, काशिमीऱ्याचा हायवे नाका, अशी हरतऱ्हेची वस्ती. ज्याची त्याची सवय वेगळी: कुणाचा चुना-तंबाखू, कुणाची मिश्री, कुणाचा मावा. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरत होते, तर धूर काढणारे जेमतेम ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडचा तंबाखू गालात बसतो आणि तासन्‌तास तिथेच राहतो. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली. त्यानंतर पान मसाल्याची आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी मिळू लागली, दोन्ही तळहातावर एकत्र केल्या की झालं. तंबाखू वगळून नुसती सुपारी खाणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारीला स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरवलं आहे. तोंड तीन बोटं उघडेनासं होतं, तिखट लागू देत नाही, ती सुरुवात सुपारीचीच असते.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होतात, जगातल्या एकूण रुग्णांच्या एक तृतीयांशाहून जास्त. हे आपल्याला अचानक कळलेलं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं उघडून तपासली होती आणि तो अहवाल १९७२ मध्ये छापून आला. कुठल्या सवयीने कुठला चट्टा उठतो, हे तेव्हाच नोंदलं गेलं. पुढे केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात साध्या आरोग्यसेवकांनी उजेडात तोंड बघायचं, एवढ्यावर मोठी चाचणी झाली. २००५ च्या निकालात तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले. आजवर कुठल्याही मायक्रोआरएनएने एवढं करून दाखवलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, खारघरमधलं काम त्याच्या गतीने होऊ दे. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडत असेल, तर जवळच्या दंतवैद्याला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. तुकडा तपासायला सांगितला तर ‘हात लावला की पसरतो’ या भीतीने टाळू नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो वाट बघितल्याने.